डोमनलालचा करगा

पिपरटोल्यात बांधीतलं गवत कोणीही उपटावं, पण करगा उपटावा तो डोमनलाल बिसेननंच, असा रिवाज होता. दवनीवाड्याहून कच्च्या रस्त्यानं सायकल हाणली की अर्ध्या तासावर हे गाव. चाळीसेक घरं, बोडी म्हणतात ते एक लहान तळं, आणि जिकडे पाहावं तिकडे बांध्या, म्हणजे धानाची पाणी धरणारी शेतं. अशा गावात करगा काय चीज आहे ते पोराला चालता येण्याआधी कळतं. ज्यांनी धान फक्त ताटात पाहिला त्यांना मात्र सांगावं लागतं.

करगा म्हणजे रानटी धान. तो धानातच उगवतो आणि धानासारखाच दिसतो. तेच पान, तीच उंची, तोच हिरवेपणा. फरक एवढाच की धान पिकला की विळ्याची वाट पाहतो, करगा पाहत नाही. कापणीच्या आठ-दहा दिवस आधीच त्याचे दाणे आपोआप गळतात, मातीत जाऊन झोपतात, आणि पुढच्या वर्षी, नाहीतर त्याच्या पुढच्या वर्षी, मनात येईल तेव्हा उठतात. "एक करगा सुटला तं नातवाले पुरते," असं डोमनलालचा बाप म्हणायचा.

डोमनलालची नजर पहिल्यांदा गाजली ती त्याच्या सोयरिकीत. मुलगी बालाघाटकडची. मुलीचा बाप नंदलाल पाहुण्यांना हौसेनं आपली शेती दाखवायला घेऊन गेला. अशा वेळी नवऱ्या मुलानं मान खाली घालून मागं चालावं. एकोणीस वर्षांचा डोमनलाल धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, थांबला आणि म्हणाला, "मामाजी, त्या कोपऱ्यातले सहा बूड करग्याचे होत." त्याच्या बापानं कपाळाला हात लावला. नंदलालनं पाच बूड, म्हणजे रोपांचे पाच झुबके, तिथंच उपटले आणि सहावा हट्टानं ठेवला. आश्विनात त्या सहाव्या बुडातून लाल कुसळाचं लांब कणीस बाहेर आलं. नंदलालनं निरोप धाडला, "पोरगी देली. ज्याले धानातली खोट दिसते त्याले माणसातली पन दिसल." ही गोष्ट डोमनलालनं नंतर पन्नास वर्षं सांगितली, आणि दर वेळी बूड सहाच राहिले, हे विशेष.

त्याची रीत अशी होती. रोवणीला महिना झाला, बायांचं निंदण आटोपलं की सकाळच्या कोवळ्या उन्हात, सूर्य पाठीशी घेऊन तो बांधीत उतरायचा. प्रत्येक बूड दोन बोटांनी वाकवायचा आणि मुळाजवळ पाहायचा. त्याच्या घरचा धान चिन्नोर, जुना वासाचा वाण, तो खालपासून वरपर्यंत हिरवा. करग्याच्या बुडाशी मात्र जांभळी रेघ असायची, सुईत ओवायच्या दोऱ्याएवढी. ती दिसली की मुळासकट बाहेर. उपटलेला करगा धुऱ्यावर टाकायचा नाही, भारा बांधून घरी न्यायचा आणि बैलांपुढे घालायचा. आणि एकदा धान पोटरीला आला, कणीस पोटात धरलं, की बिजाच्या बांधीत कापणीपर्यंत कोणी पाय घालायचा नाही, मालकानंसुद्धा नाही.

दोन हजार सालाच्या आगेमागे गावानं थैलीतला धान, म्हणजे दुकानातलं विकतचं बियाणं, धरला. पीक जास्त, दिवस कमी. लोकांचं चुकलं असंही नाही. चिन्नोरचं बीज उरलं ते एकट्या डोमनलालकडे, बोडीच्या खालच्या अर्ध्या एकराच्या बांधीत. तरी अक्षय तृतीयेला अकरा घरांची माणसं थोडं बीज न्यायला टोपली घेऊन त्याच्या ओसरीवर येत. लग्नाच्या भाताला, नव्या सुनेच्या पहिल्या जेवणाला चिन्नोरच पाहिजे. एका घरी शिजला की वास तीन घरं जायचा. ती बांधी बिघडली तर आणायला दुसरीकडे कुठे बीज नव्हतं. हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून सगळे निश्चिंत होते. डोमनलाल होता ना.

खोट पहिल्यांदा ऐकू आली ती सुपातून. सन दोन हजार चारचा हिवाळा. सून राजकुमारी आंगणात तांदूळ पाखडत होती आणि डोमनलाल ओसरीवर पाठ टेकून बसला होता. सुपाला एक चाल असते, थाप, थाप, थाप, झटका. त्या दिवशी चाल सारखी अडखळत होती. थाप, मग गप्प. थाप, मग गप्प.

"काय निघून राहिलं बाई?" त्यानं विचारलं.

"खडे, मामाजी."

बोडीच्या खालच्या त्या काळ्या चिखलात डोमनलालच्या आजापासून कोणाला खडा सापडला नव्हता. हे त्यालाही माहीत होतं आणि तिलाही. त्यानं दुसऱ्यांदा विचारलं नाही.

पुढच्या वर्षी बांधी दिसायला झकास, कापायला पोकळ. कणसं उभी आणि दाणे गायब. डोमनलाल म्हणाला, पोपटांनी खाल्ले. जोडीदार सेवकराम धुऱ्यावर बिडी ओढत बसला होता. हा माणूस कोणाच्या मयतीतही गप्प बसला नाही, तिथं काय बसणार.

"तुहे पोपट मोठे शिकलेले दिसतेत गा डोमन," तो म्हणाला. "तुह्या बांधीत पंगत करतेत अन् माह्या बांधीत पाय नाही ठेवत."

"तुहा थैलीचा धान कोन खाइल? बैल पन वास घेऊन तोंड फिरवते."

दोघं हसले. पण घरी येईपर्यंत डोमनलालचं हसू टिकलं नाही. पोपट खाली टरफलं टाकतात. बांधीत टरफलं नव्हती.

त्याच सुमाराला जगातून जांभळा रंग उठून चालला होता, आणि ते एकट्या डोमनलालच्या बाबतीत घडत होतं. बाजारातली वांगी त्याला काळी दिसू लागली. नात रिंकीनं दवनीवाड्याच्या बाजारातून हौसेनं ओढणी आणली, तर म्हणाला, "मातीच्या रंगाची कायले आनली व?" घरचे हसले. आजाची थट्टा, असं सगळ्यांना वाटलं. ते हसले म्हणून तोही हसला, आणि ओढणी पुन्हा एकदा हातात घेऊन उजेडात धरून पाहिली. मातीचीच होती.

बांधीत उतरला की दहा बूड वाकवावे, वीस वाकवावे, रेघ कुठेच नाही. पन्नास वर्षं जी रेघ त्याला धुऱ्यावरून दिसायची ती नाहीशी झाली होती. आता दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, डोळे गेले. डोमनलालला तसं वाटलं नाही. ज्या नजरेवर बायको मिळाली त्या नजरेवर माणूस संशय घेत नाही. त्याला वाटलं, करगा शिकला. इतकी वर्षं रेघेपायी मार खाल्ला, आता रेघ पुसून येतो आहे. हे त्यानं सेवकरामला गंभीरपणे सांगितलंसुद्धा. सेवकराम म्हणाला, "मंग त्याले शाळेतच टाक ना," आणि विषय तिथंच राहिला.

रेघ नाही म्हटल्यावर डोमनलालनं दुसऱ्या खुणा धरल्या. करगा दांडगा असतो, पाण्यावर जोर करतो. म्हणून जो बूड जास्त ठोसर, जास्त गर्द, तो उपटायचा. भारे मोठे होऊ लागले. संध्याकाळी हात धुतले तरी बोटांना चिन्नोरचा वास राहायचा. त्याला बरं वाटायचं. बांधीच वासाची आहे, हाताला लागणारच.

दोन हजार सहाच्या भादव्यात एक दिवस रिंकी शाळेतून आली ती वही घेऊनच ओसरीवर बसली. नववीत होती.

"आजा, वीड आऊट म्हंजे काय?"

"कोनतं औट?"

"इंग्रजीतलं. सरनं अर्थ अन् पाच वाक्यं लिहून आनायले सांगतलं. वीड म्हंजे निंदणातलं गवत, आऊट म्हंजे बाहेर."

"मंग निंदण म्हन. त्यात कायचं इंग्रजी?"

"तसं नाही ना जी. पुस्तकात लिहिलं आहे, नको ते निवडून काढून टाकनं."

डोमनलाल गावच्या शाळेत चौथीपर्यंत शिकलेला. इंग्रजीशी त्याचा संबंध पोस्टाच्या शिक्क्यापुरता. पण 'निवडून' हा शब्द ऐकला आणि तो सरसावून बसला. "हे लिव. आंगन झाडाले अक्कल लागत नाही, सारं एकच फेकाचं असते. हे तसं नोहे. सारखे दिसनारे दहा उभे राहतेत. त्यातला एक वोळखाचा अन् त्यालेच धराचा. बाकीच्या नऊले धक्का नाही लागला पायजे."

रिंकीनं लिहून घेतलं. "इंग्रजीत मानसासाठी पन वापरतेत. सरनं नमुना देला, परीक्षेनं कच्ची पोरं वीड आऊट होतात."

"पोरं?"

"हो. कंपनीतले आळशी लोकं, फौजेतले लंगडे घोडे. सारं चालते."

डोमनलालनं वहीत डोकावून पाहिलं. "अन् उपटनारा चुकला तं?"

"ते नाही विचारत परीक्षेत," रिंकी म्हणाली. "चार वाक्यं झाली. पाचवं सांग ना."

"पाचवं उद्या बांधीत दाखवतो."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सूर्य पाठीशी घेऊन आजा पुढे आणि नात मागे अशी दोघं बांधीत उतरली. पाणी नडगीएवढं. डोमनलालनं एक ठोसर बूड दोन बोटांनी वाकवला, क्षणभर थांबला, उपटला आणि काखेत घेतला. पाच-सहा पावलांवर दुसरा. रिंकी बुडाकडे पाहत होती, मग त्याच्या काखेकडे, मग पुन्हा उभ्या धानाकडे.

"आजा, तू जांभळ्या रेघेचा उपटतो ना?"

"उपटत होतो. आता त्यानं रेघ टाकली. करगा मोठा बिलंदर झाला बाई."

रिंकी वाकली. तिच्या डाव्या हाताशी एक बूड होता, उजव्या हाताशी एक होता, समोर तीन होते. "याच्या बुडाले आहे ना रेघ," ती म्हणाली. "त्याच्या पन आहे. या तिघाच्या पन."

"कुठी?"

"हे काय. माह्या ओढणीच्या रंगाची."

डोमनलाल वाकला. नाक पाण्याला टेकेपर्यंत वाकला. बुडाशी त्याला मातीचा रंग दिसला, आणि माती तर सगळीकडेच होती. काखेतला भारा त्यानं पुढे केला. "यात पाह्य."

रिंकीनं एक-एक मूळ धुऊन पाहिलं. मग पुन्हा पहिल्यापासून पाहिलं. "हे सारे हिरवे होत, आजा. खालपासून वरपर्यंत."

मग त्यानं जे केलं ते त्याला दोन वर्षं सुचलं नव्हतं. भाऱ्यातलं एक पान घेतलं, तळव्यावर चोळलं आणि नाकाला लावलं. चिन्नोर. दुसरं घेतलं. चिन्नोर. उभ्या धानातलं एक पान तोडून चोळलं. नुसत्या गवताचा वास. दोन वर्षं संध्याकाळी बोटांना जो वास यायचा तो कशाचा होता, हे त्याला त्या नडगीभर पाण्यात उभं असताना कळलं. निवडून निवडून त्यानं चिन्नोर उपटला होता आणि बैलांना खाऊ घातला होता. करगा मात्र राखला होता, पोटरीला आल्यावर कोणी शिरू नये म्हणून पहारासुद्धा दिला होता.

घरी आल्यावर तो ओसरीवर बसला नाही, थेट चुलीपाशी गेला. "राजकुमारी, ते खडे दाखव."

राजकुमारीनं पदराला हात पुसले, फडताळावरून तेलाचा रिकामा डबा काढला आणि त्याच्यापुढे सुपात ओतला. लाल तांदूळ, करग्याचा. थोडा नाही, दोन वर्षांचा.

"काऊन नाही सांगतलं?"

"सांगतलं असतं तं तुम्ही बांधीत जानं सोडलं असतं," ती म्हणाली. "सासूबाई गेल्यावर तुम्ही दुसरीकडं कुठी जात होते, मामाजी?"

मुलगा हेमेंद्र जेवत होता, तो म्हणाला, "जाऊ द्या बाबूजी. यंदा थैलीचा लावून टाकू. कोन विचारून राहिलं आता चिन्नोरले?"

"अकरा घरं विचारतेत," डोमनलाल म्हणाला. "अन् पंधरा दिवसात करगा निसवल, कनीस टाकल. एकदा दाना गळला का ते बांधी माह्या मेल्यावर पन माह्या नावानं उगवत राहिल."

त्या दुपारी तो अकरा घरं फिरला. प्रत्येक ओसरीवर बसून त्यानं एकच सांगितलं, माझ्याकडून बीज बिघडलं, माझे डोळे गेले, पुढच्या अक्षय तृतीयेला बीज मिळेल की नाही सांगता येत नाही. कोणी रागावलं नाही. रागावले असते तर बरं झालं असतं. लोक आपापल्या धानाच्या ढोलीकडे पाहू लागले, तिथं आधीच काय येऊन पडलं असेल या विचारानं. सेवकराम तेवढा बोलला, पण त्याचाही आवाज नेहमीचा नव्हता. "मंग ते पोपट नोहत म्हनाचे."

"नोहत गा."

दुसऱ्या दिवसापासून बांधीत उलटं काम सुरू झालं. आता वाईट निवडायचं नव्हतं, चांगलं किती उरलं ते शोधायचं होतं. रिंकीनं ती ओढणी फाडून चिंध्या केल्या. ती बुडाशी पाही, आजा पान चोळून वास घेई. रेघ नाही आणि वास आहे, असा बूड निघाला की त्याला चिंधी. चार दिवस लागले. अर्ध्या एकरात चिंध्या बांधल्या गेल्या त्रेसष्ट. बाकीची बांधी हेमेंद्रनं हिरवीच कापली. धानाच्या गावात भादव्यात उभं हिरवं पीक कापलं जाताना पाहून बोडीवरच्या बाया धुणं थांबवून उभ्या राहिल्या.

त्रेसष्ट बुडांचा दाणा भोपळ्याच्या एका तुंब्यात मावला.

हिवाळ्यात गोंदियाला डोमनलालच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पट्टी सुटली तेव्हा समोर रिंकी उभी होती, गळ्यात उरलेल्या अर्ध्या ओढणीचा तुकडा. "जांभळी आहे व," तो म्हणाला, आणि घरच्यांना हायसं वाटलं. गाडीत बसल्यावर सुनेची साडी, वाटेतली वांगी, सगळ्यांचे रंग त्यानं सांगितले. पुन्हा नंदलालच्या सहा बुडांची गोष्टही झाली.

आषाढात तो बोडीखाली गेला. ती बांधी त्या वर्षी पडीत ठेवली होती, कोणी दाणा टाकला नव्हता. बांधी धुऱ्यापासून धुऱ्यापर्यंत गच्च हिरवी उभी होती. गेल्या दोन वर्षांचं गळलेलं सगळं उठलं होतं. डोमनलालला वाकावंही लागलं नाही. त्याला धुऱ्यावरूनच दिसलं, पूर्वीसारखं, एकूण एक बुडाशी जांभळी रेघ. डॉक्टरनं नजर चांगली दिली होती. तो तिथं फार वेळ थांबला नाही.

तुंब्यातलं बीज त्यानं घरामागच्या बाडीत लावलं, जिथं कधी धान झाला नव्हता म्हणजे करगाही झाला नव्हता. रोज सकाळी आजा आणि नात एक-एक बूड वाकवून पाहत. रेघ निघाली तर उपटणारी आता रिंकी होती, त्यानं स्वतःच तसं ठरवलं होतं. सात निघाले. सातांचाही वास गवताचाच होता. बरं वाटावं असं नव्हतं, पण हिशोबात बसत होतं.

आठवा भिंतीजवळचा. डोमनलालनं तो वाकवला आणि वाकवूनच ठेवला.

"रेघ आहे ना," रिंकी म्हणाली. "काढू?"

त्यानं पान तोडलं, चोळलं, हुंगलं. मग तळवा तिच्या नाकाशी नेला. ती त्याच्याकडे पाहत राहिली. चिन्नोर होता. रेघ करग्याची आणि वास चिन्नोरचा.

"असं कसं होते, आजा?"

"बोडीच्या काठावरचा करगा कोनं कापला होता?" तो म्हणाला. "वारं तं सगळ्यांकडूनच येते, फुलोरा घेऊन." आणि थोड्या वेळानं, "मी म्हनलं होतं ना, करगा शिकला. तवा तो शिकला नव्हता. आता शिकला."

"काढू का ठेवू?"

नंदलालच्या धुऱ्यावर एका दमात उत्तर देणारा माणूस आता तेच पान पुन्हा पुन्हा हुंगत होता. धान असेल तर त्रेसष्टांचं उरलेलं रक्त. करगा असेल तर आता तो नाकालाही फसवणारा. शेवटी त्यानं त्या बुडाला चिंधी बांधायला लावली, आणि निसवायच्या आधी राजकुमारीकडून पातळ फडक्याची पिशवी शिवून घेऊन ती त्याच्यावर चढवली. आश्विनभर तो सकाळ-संध्याकाळ भिंतीशी जाऊन उकिडवा बसायचा.

बाकीचा चिन्नोर अजून हिरवट असताना एका सकाळी पिशवी खाली लोंबली. डोमनलालनं ती काढून हातावर उपडी केली. लाल कुसळाचे दाणे, आपोआप गळलेले, ओंजळभर. त्यानं बूड रिंकीकडून मुळासकट उपटवला, दाणे एक-एक मोजल्यासारखे वेचले, एकही मातीत पडला नाही हे दोनदा पाहिलं आणि सगळे दाणे नेऊन चुलीत टाकले.

दाणे तडतडले. आणि वास सुटला. आधी चुलीपुरता, मग आंगणभर, मग कुडावरून पलीकडे.

तिसऱ्या घरातून सेवकरामची हाक आली, "डोमन, आज चिन्नोर शिजवून राहिले का गा?"

राजकुमारीनं सासऱ्याकडे पाहिलं. रिंकी दारात भाऱ्यासारखा तो बूड धरून उभी होती. बाडीत वारा होता आणि उरलेला चिन्नोर हलत होता, सगळा सारखा, सगळा हिरवा.